नऊ गुंजांची गोळी

धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून सुटलेला शब्द परत घेता येत नाही, असं आमच्या शाळेच्या फळ्यावर महिन्यातून एकदा तरी लिहिलेलं असायचं. माझ्या बाबतीत या दोन्हींत आठ महिन्यांचं अंतर पडलं. शब्द सुटला तो २०२४ च्या ऑगस्टात, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉयसी शहरातल्या माझ्या घरामागच्या कुंपणावरून. गोळी सुटली ती पुढच्या एप्रिलात, शेजारच्या ऑरेगन राज्यात, एका लसूणघासाच्या शेतात.

त्याचं असं झालं. १ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ पदक मिळवलं. मी रात्र जागून पाहिलं होतं. सकाळी डोळे लाल, छाती फुगलेली आणि घरात ऐकणारं कोणी नाही, अशा अवस्थेत मागच्या अंगणात आलो, तर कुंपणापलीकडे शेजारी झाडांना पाणी घालत होते. सत्तरीचे गृहस्थ, झुपकेदार पांढऱ्या मिशा, बोलणं कमी आणि मत पक्कं. आम्ही नवराबायको घरात त्यांना पाटील म्हणतो. मी म्हटलं, "आमच्या गावच्या पोरानं मेडल मारलं!"

स्वप्निलचं गाव राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी आणि मी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला, हा तपशील मी गिळला. अर्ध्या पृथ्वीवरून पाहिलं की ही दोन्ही ठिकाणं एकच दिसतात. मग थांबावं की नाही? नाही. २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरचीच, हे सांगितलं. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, हे बटण दाखवून सांगितलं. आणि शेवटी, कोणी विचारलं नसताना, "मीही पॉइंट टू टू मारलेली आहे," असं सांगून बसलो.

ते खोटं नव्हतं. कॉलेजात एनसीसीला असताना मला पाच गोळ्या मिळाल्या होत्या. त्या मी मारल्या. नंतर टार्गेट आणून मोजलं तेव्हा माझ्या कागदावर तीन भोकं होती आणि शेजारच्या कॅडेटच्या कागदावर सात. त्यालाही पाचच गोळ्या मिळाल्या होत्या. उस्ताद बराच वेळ त्या सात भोकांकडे पाहत राहिले होते. हा भाग मी पाटलांना सांगितला नाही.

"रिमफायर," पाटील एवढंच म्हणाले आणि त्यांनी नळ बंद केला. पाणी घालताना पाटलांनी मधेच नळ बंद करणं ही काही साधी घटना नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मार्चमध्ये ते एक लांबट खोका घेऊन आमच्या दारात उभे राहिले. नवी रायफल होती. ती आणल्यावर त्यांनी बायकोला दाखवण्याआधी मला दाखवली, कारण मी नेमबाजांच्या गावचा. मी तिच्याकडे, सोयरिकीला गेलेला माणूस मुलीकडे पाहतो तसा, काही न कळता गंभीरपणे पाहिलं आणि म्हटलं, "दस्ता चांगला आहे." पाटलांच्या मिशा समाधानानं हलल्या आणि ते म्हणाले, एप्रिलात शिकारीला चल.

रिमफायर म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही पाटलांनीच सांगितलं. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला बुडाशी, मधोमध, एक टिकली असते. तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. रिमफायरमध्ये अशी वेगळी टिकली नसते. पितळेच्या नळकांड्याची बुडाची कड दुमडलेली असते आणि पेट घेणारा मसाला त्या दुमडीत बसवलेला असतो. करंजीचं सारण पोटात न भरता मुरडीत भरावं तसं. घोडा कडेवर पडतो, मुरड चेपते, ठिणगी पडते. एकदा चेपली की संपली. मोठी काडतुसं पाटील स्वतः पुन्हा भरतात, गॅरेजमध्ये रविवारी बसून, आपल्याकडे लोणचं घालतात त्या शिस्तीनं. रिमफायर पुन्हा भरता येत नाही याचं त्यांना जे वाईट वाटतं, ते पाहून मला दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवणारी माझी आजी आठवली.

ही जात फार जुनी. पॉइंट टू टू शॉर्ट १८५७ ची, म्हणजे आपल्याकडे चरबी लावलेल्या काडतुसांवरून उठाव झाला त्याच वर्षीची. एनसीसीतलं 'लाँग रायफल' नावाचं काडतूस १८८७ चं. पाटलांची नवी मात्र पॉइंट सेव्हन्टीन एचएमआर, २००२ सालची, या घराण्यातली नव्या पिढीची सून. जुन्या मॅग्नम काडतुसाचा गळा आवळून त्यात बारीक गोळी बसवलेली. गोळीचं वजन १७ ग्रेन. पाटलांनी हा आकडा असा उच्चारला की मला दाद देणं भाग होतं, पण ग्रेन म्हणजे किती हे कळेना. घरी येऊन हिशेब केला. १.१ ग्रॅम. आपल्या सोनाराच्या मापात नऊ गुंजा! नऊ गुंजांत आमच्याकडे धड कानातलं होत नाही. आणि ही चिमूट सेकंदाला पाऊण किलोमीटरहून जास्त वेगानं जाते, आवाजाच्या दुपटीहून अधिक. जाताना वारा लागला तर बिचारी बाजूला सरकते. शंभर यार्डांवर साधारण वाऱ्यातही तीनेक इंच. वजन कमी आणि घाई फार, असली माणसंही मी पाहिलेली आहेत.

आता शिकार कशाची, तर उंदरांची. म्हणजे अगदी उंदीर नव्हेत. बेल्डिंग्ज ग्राउंड स्क्विरल, जमिनीत बिळं करून राहणारी खार. पूर्व ऑरेगनमध्ये तिला 'सेज रॅट' म्हणतात. ही मागच्या पायांवर ताठ उभी राहून टेहळणी करते, लांबून जमिनीत ठोकलेल्या खुंटीसारखी दिसते, म्हणून तिचं दुसरं नाव 'पिकेट पिन', घोडं बांधायचा खुंटा. हे नाव लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पण त्याआधी कायदा. मी अजून ग्रीन कार्डाच्या रांगेतला माणूस, नोकरीच्या व्हिसावर. असल्या परदेशी माणसानं बंदूक किंवा काडतूस नुसतं बाळगलं तरी तो इथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा. अपवाद कोणाला? ज्याच्याकडे शिकारीचा परवाना आहे त्याला! म्हणजे रायफल हातात घ्यायला मला आधी कागदोपत्री शिकारी व्हावं लागणार. व्हिसा वाढवायला मी पहिलीपासूनचे दाखले सोडून बाकी सगळं पाठवलेलं आहे आणि तरी ते म्हणतात अजून पाठवा. शिकारीचा परवाना मात्र चहा उकळेपर्यंत आला. बायकोनं तो छापलेला कागद वाचला, वर माझ्याकडे पाहिलं आणि तो फ्रीजवर, किराणाच्या यादीशेजारी, चिकटवून टाकला.

निघायच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, आईचा फोन आला. तिकडे शनिवारची सकाळ होती. "आज काय आहे माहीताय का? चैत्री पुनव. जोतिबाची यात्रा, मारुतीची जयंती. आणि तू काय करतोयस?"

मी सांगितलं.

"उंदरं मारायला?"

"हो."

"किती लांब?"

"तीन तास. गाडीनं."

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग आई म्हणाली, "व्हय रं, तिथं मांजरं नसत्यात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शिवाय एक गोष्ट मलाही टोचत होतीच. ज्या संस्थानच्या महाराजांनी काळवीट धरायला चित्ते पाळले, त्या कोल्हापुरातून निघून मी दुर्बीण लावलेल्या रायफलीनं पावशेराच्या प्राण्यामागे चाललो होतो.

पहाटे चारला पाटलांच्या पिकअपमधून निघालो. ऑन्टारिओ, व्हेल, जुन्टुरा आणि पुढे बर्न्सची वाट. या रस्त्यावर मधेच कालविभाग बदलतो आणि आयुष्यातला एक तास परत मिळतो. तो पाटलांनी बंदुकीची नळी पहिल्यांदा कशी 'बसवावी' यावर खर्च केला. नव्या नळीतून पहिल्या दहा गोळ्या मारताना प्रत्येक गोळीनंतर नळी पुसायची. मग पाच-पाचनंतर. मला जुन्या काळी नव्या गाड्यांच्या मागच्या काचेवर असायची ती 'रनिंग इन'ची पाटी आठवली. पाटलांच्या ओळखीतले निम्मे लोक म्हणतात याचा काडीचा उपयोग नसतो. मी म्हटलं, आमच्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. पाटील विचारात पडले. मग म्हणाले, "त्यानं नुकसान तर नाही ना होत?"

सूर्य वर आला तेव्हा आम्ही सेजब्रशच्या माळावर होतो. खिडकी उघडली आणि मी चमकलो. तो वास मला माहीत होता. सेजब्रश ही आर्टेमिसिया वंशातली वनस्पती, आणि जोतिबाला वाहतात तो दवणाही त्याच वंशातला. अगदी तोच वास नव्हे, याचा जरा कापराकडे झुकणारा. पण चैत्री पौर्णिमेच्या दिवशी अमेरिकेच्या वाळवंटात दवण्याचा चुलतभाऊ मैलोन्मैल उभा होता आणि त्यावर गुलाल टाकणारं कोणी नव्हतं. मी मनात चांगभलं म्हणून घेतलं.

शेत एका सत्तरीतल्या बाईंचं. त्या चारचाकी मोटारसायकलवरून आल्या. पीक अल्फाल्फा, म्हणजे ल्युसर्न, म्हणजे आपली लसूणघास. लसणाशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजी नावाचं आपल्या लोकांनी जिभेला सोयीचं केलं, इतकंच. बाईंनी मला शेत दाखवलं. कडेला हिरवंगार आणि मधे टक्कल. मातीचे ढिगारेच ढिगारे. ते कापणीच्या यंत्राच्या पात्यात जातात. त्यात या खारी खाऊन घेतात फार घाईनं, कारण यांचा वर्षाचा धंदा चार-पाच महिन्यांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर यायचं, खायचं, पाच-सात पिल्लं घालायची, पुन्हा खायचं आणि ऐन उन्हाळ्यात खाली जाऊन पुढचे सात-आठ महिने झोपायचं. आमच्या उसात रानडुकरं शिरतात तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जे असतं, तेच बाईंच्या चेहऱ्यावर होतं. त्यामुळे प्राणिदयेवर माझ्याकडे जे चार शब्द होते ते मी खिशातच ठेवले.

बाईंचे नियम तीन. गायींच्या दिशेनं नळी नको. शिशाची गोळी नको, कारण मेलेली खार ससाणे आणि गरुड उचलतात आणि शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. आणि ती चाकांवर चालणारी पाण्याची पाइप दिसतेय ना? तिला भोक पडलं तर तुमच्या खिशाला पडेल. पाटलांनी खिशातून तांब्याच्या, शिसं नसलेल्या, साडेपंधरा ग्रेनच्या गोळ्यांची डबी काढून दाखवली. आठ गुंजा आणि थोडं वर.

यानंतर शिकार सुरू झाली असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पुढचे दोन तास आम्ही एका घडीच्या टेबलापाशी बसून कागदावर गोळ्या मारत होतो. एक गोळी, नळी पुसणं. एक गोळी, नळी पुसणं. मधे दुर्बिणीचा स्क्रू फिरवणं. मग गोळ्यांचे चार प्रकार, कारण रिमफायरला कोणती गोळी मानवेल ते दुकानदारही सांगू शकत नाही. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफली, एकीला ही डबी पसंत तर दुसरीला ती. ताटात सगळं असताना एकाच कंपनीची बिस्किटं मागणारी पोरं असतात, त्यातला प्रकार. पाटील प्रत्येक कागदावर तारीख, वारा आणि तापमान लिहीत होते. लांब शेतात खारी उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. त्यांच्यातल्या एखादीला 'हे नेमके कशासाठी आले आहेत' असा प्रश्न पडला असेल तर तो रास्तच होता.

खरं तर मला या कार्यक्रमाचा हाच भाग मनापासून आवडला. बैलबाजारात दात मोजणारे, शेपटी पिळणारे, चार पावलं चालवून पाहणारे आणि शेवटी न घेताच चहा पिऊन परतणारे लोक मी लहानपणी पाहिलेत. तो आनंद हाच.

मग पाटील मारायला बसले. पाटलांचा नेम आहे, आणि त्याबद्दल ते बोलत नाहीत. टप् असा कोरडा आवाज, पलीकडे एक खार आडवी. दुसरी. तिसरी. दहा मिनिटांत आकाशात दोन ससाणे आले. त्यांना बंदुकीचा आवाज म्हणजे पंगतीची हाक हे कळून चुकलेलं आहे. एकानं आमच्यासमोर साठ पावलांवर येऊन, पाटलांकडे न पाहता, आपलं पान उचललं.

"आता तू," पाटील म्हणाले.

मी बसलो. बोटाआधी नळी कुठे आहे ते पाहायचं, रिकामी असली तरी भरलेली समजायची, हे दहा वेळा पढवलेलं होतं. दुर्बिणीत डोळा घातला. खार दिसली. तिच्यामागे आणखी एक. बाजूला दोन लहान. पहिलीनं तोंड उघडलं आणि चिरचिर केलं.

इथे माझं वाचन आडवं आलं. पॉल शर्मन नावाच्या शास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातल्या टायोगा खिंडीत याच जातीच्या खारींचा अभ्यास करून १९७७ साली शोधनिबंध लिहिला. जमिनीवरून शत्रू येताना दिसला की ओरडतं कोण? ज्या मादीच्या आई, बहिणी, मुली आसपास राहतात ती सगळ्यात जास्त ओरडते. ओरडणाऱ्यावर संकट आधी येतं, तरीही. नर मोठा झाला की घर सोडून लांब जातो, त्याचं जवळ कोणी नसतं, तो बहुधा गप्प राहतो. निघण्याआधी हे वाचायची काही गरज होती का? आता माझ्या दुर्बिणीत कोणी उंदीर नव्हता. एक थोरली बहीण उभी होती आणि धाकटीला "आत हो गं" म्हणून हाका मारत होती. तेरा हजार किलोमीटर लांब येऊन राहिलेला नर टेबलापाशी गप्प बसला होता.

गोळी मी मारली. ती कुठे गेली ते ससाण्यांनाही कळलं नाही.

"वारा," मी म्हटलं.

नेमबाजीसारखा निमित्तं पुरवणारा दुसरा खेळ नाही. वारा आहे, उन्हाची लहर आहे, नळी तापणं आहे, गोळ्यांची खोकी बदलणं आहे. क्रिकेटवाल्यांकडे बिचाऱ्यांकडे एक खेळपट्टी आणि एक पंच. पुढच्या अर्ध्या तासात मी सगळी वापरली. पाटील दर वेळी मान डोलवत होते, पण त्यांच्या मिशांत मंगळवार पेठेविषयीची पहिली शंका उगवलेली मला दिसत होती. शेवटी ते बाईंशी बोलायला पिकअपपाशी गेले. मला वाटतं, मला एकट्याला लाज सावरायला वेळ मिळावा म्हणूनच गेले.

आणि तेव्हाच मला ती दिसली. एकशे दहा यार्डांवर, पाइपपासून बरीच लांब, गवतातून वर, ताठ. राखी रंग. आजूबाजूला कोणी नाही. एकटा नर, मी ठरवलं. शास्त्राप्रमाणे याच्यावर कोणी अवलंबून नाही. ऊन चढल्यामुळे दुर्बिणीत सगळं पाण्याखालचं दिसावं तसं हलत होतं. खाली मागे माती होती, गायी नव्हत्या. श्वास सोडला. अर्धा सोडून थांबलो, उस्तादांनी शिकवलं होतं तसा. चाप ओढला.

टप्. खार जागची हलली नाही.

दुसरी. हलली नाही. तिसरी. चौथी. मला तिचं कौतुक वाटू लागलं. पाचव्या वेळी हात थरथरला हे मी कबूल करतो, कारण असा शांत प्राणी मी पाहिला नव्हता.

मागून बाईंचा आवाज आला, "ती पट्टी गेली कित्येक वर्षं तिथंच आहे. पळणार नाही."

मोजणीवाल्यांनी कधी काळी ठोकलेली ती लाकडी पट्टी होती. दीड इंच रुंद, बोटाहून पातळ, पावसापाण्यानं करडी पडलेली. आम्ही तिघं चालत गेलो. मी मान खाली घालून, बाई हसत, पाटील काहीच न बोलता. पाटील वाकले. खिशातून चष्मा काढला, मग दुसऱ्या खिशातून व्हर्निअर. हो, व्हर्निअर ते खिशात बाळगतात. चार भोकं एकमेकांना जवळजवळ टेकलेली, सगळी मिळून एक रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत. मागच्या बाजूनं लाकूड फुलासारखं फुटलेलं. पाचवं काठावर, अर्धं आत, अर्धं हवेत.

दिवसभरात त्या रायफलीनं मारलेल्या गोळ्यांत इतका जवळचा गट दुसरा नव्हता. पाटलांचा कागदावरचाही नव्हता.

"कोल्हापूर," पाटील म्हणाले, आणि टोपी काढली.

मी काय सांगणार? "वारा नव्हता," एवढं म्हटलं.

बाईंनी पट्टी उपटून घ्यायची परवानगी दिली. पाटलांनी ती परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर, रायफलीशेजारी, आडवी ठेवली आणि घरी पोचल्यावर दोन्ही हातांनी माझ्या हवाली केली. माझा विचार ती दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, लावायचा होता. पण मे महिना उजाडला, बायकोनं मागच्या अंगणात टोमॅटो लावले आणि आधाराला काठ्या कमी पडल्या. आता ती तिथे उभी आहे. चार भोकांतून सुतळी ओवून बायकोनं रोप छान बांधून घेतलंय. पाचव्याशी मात्र तिची रोज सकाळी झटापट चालते, सुतळी निसटते.

परवा तिथूनच ओरडून म्हणाली, "हे एक जरा आत मारता आलं नाही का?"